एक मार्क कुठे गेला?

सत्र संपलं की स्टाफरूमच्या दाराशी एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. "मॅडम, पाचपैकी चार दिलेत. माझा एक मार्क कुठे गेला?"

लेखी पेपराबद्दल कुणी असं विचारलं तर उत्तर सोपं असतं. उत्तरपत्रिका काढायची, तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवायचं आणि 'हे बघ, इथे आकृतीच नाही' म्हणायचं. विद्यापीठाच्या पेपराची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरता येतो. पण हे पाच मार्क पेपरातले नसतात. ते वर्गातल्या सहभागाचे असतात आणि तिथे दाखवायला कागदच नसतो. मॅडम म्हणतात, "अगं, तू वर्गात कधी बोलत नाहीस." मुलगी म्हणते, "पण मॅडम, मी एकही लेक्चर चुकवलं नाही." दोघींचंही म्हणणं खरं असतं. मार्क मात्र सापडत नाही.

मुलांची मेहनत आणि वर्गातला सहभाग मोजायचा कसा, हे कोडं जगभरच्या शिक्षकांना पडलेलं आहे. आपल्याकडे ते 'इंटर्नल', 'टर्मवर्क', 'ओरल' अशा नावांनी दर सहा महिन्यांनी उगवतं आणि बहुतेक वेळा 'सगळ्यांना चार-पाच देऊन टाका' या एका वाक्यात मावळतं.

पाच मार्कांची वंशावळ

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवत नव्हतं, परीक्षा घेऊन पदव्या देत होतं. आपल्याकडेही तीच वाटणी झाली. शिकवायचं कॉलेजनं, तपासायचं विद्यापीठानं. ज्यानं मुलाला वर्षभर पाहिलं त्याला पारखायचा अधिकार नाही, आणि जो पारखतो त्यानं मुलाला कधी पाहिलेलं नाही.

या व्यवस्थेला नावं ठेवण्याआधी तिच्यातला न्याय पाहायला हवा. परीक्षकासमोर असतो तो फक्त बैठक क्रमांक. आडनाव नाही, गाव नाही, कपडे नाहीत. आपल्या समाजात ही गोष्ट लहान नाही. तोटा इतकाच, की वर्षभराचं काम तीन तासांत मावलं नाही तर ते जणू झालंच नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं नेमकं यावर बोट ठेवलं. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, असं या आयोगाचं मत होतं. प्रत्येक विषयातले एक तृतीयांश गुण वर्षभर केलेल्या कामासाठी राखून ठेवावेत, अशी त्याची शिफारस होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंही अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला, पण अंतर्गत आणि बाहेरच्या परीक्षेचे निकाल एकमेकांत मिसळू नयेत, वेगळे दाखवावेत, असंही सुचवलं. दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या आणि मग त्यांची बेरीज करायची, यातली गफलत त्या आयोगाला दिसली होती. आपण ती बेरीज आजही बिनदिक्कत करतो.

मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांक पद्धतीबरोबर ६०-४० ची विभागणी आली. साठ गुण सत्रान्त परीक्षेचे, चाळीस कॉलेजच्या हातातले. चाळिसाची फोड अशी होती: चाचणीला वीस, लेखी स्वाध्यायाला दहा, वर्गातल्या सक्रिय सहभागाला पाच, आणि उरलेले पाच जबाबदार विद्यार्थी म्हणून एकूण वर्तन, शिष्टाचार, बोलण्यातली सफाई आणि उपक्रमांच्या आयोजनात दिसलेले नेतृत्वगुण यांना. पुढे विभागणी ७५-२५ झाली, तेव्हा सहभाग, वर्तन, शिष्टाचार, बोलणं आणि नेतृत्व ही सगळी मंडळी पाच मार्कांच्या एकाच खणात कोंबली गेली.

त्या खणात मार्क भरायला बसलेल्या प्राध्यापकाची कल्पना करा. वर्गात १२० मुलं. त्यातली तीस चेहऱ्यानं ओळखीची, दहा नावानं. सर्वांना पाच दिले तर डोळ्यांवर येतं, दोन दिले तर पालक भेटायला येतात. मग चार, पाच, चार, चार, पाच अशी चाल सुरू होते. सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क मिळाले की त्या मार्कांतून काहीच कळत नाही. निकालाची टक्केवारी तेवढी वर सरकते.

हजेरी म्हणजे सहभाग?

या अडचणीतून काढलेली सगळ्यात सोपी पळवाट म्हणजे हजेरी. ती मोजता येते, मस्टरवर दिसते, तिच्याबद्दल वाद घालता येत नाही. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम, सत्राच्या शेवटी फलकावर लागणारी डिफॉल्टर लिस्ट, मग वैद्यकीय दाखल्यांची रांग आणि त्याही आधी मित्रासाठी बदलत्या आवाजात दिलेली 'प्रेझेंट सर', हे सगळं ज्यानं कॉलेज पाहिलं त्याला ठाऊक आहे.

हजेरीतून इतकंच सिद्ध होतं की शरीर बाकावर होतं. तरी तिला अगदीच मोडीत काढण्याचं कारण नाही. जो आलाच नाही तो भाग कसा घेणार? म्हणजे हजेरी ही सहभागाची पायरी आहे. आपण मात्र पायरीलाच देऊळ समजून नमस्कार करतो.

शिवाय हजेरीच्या आकड्यात घरची परिस्थिती नकळत मिसळते. कसाऱ्याहून किंवा पालघरहून लोकलनं येणाऱ्या मुलीचं पहिलं लेक्चर बुडतं ते आळसानं नव्हे. रात्री दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर असलेला मुलगा सकाळी साडेसातला वर्गात पेंगतो, तेव्हा त्याची मेहनत कमी नसते. ती मस्टरच्या बाहेर असते. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही कल्पना रुजवली, १९४७ साली साताऱ्यात त्याच पायावर कॉलेज उभं केलं, तिथे कमावून शिकणाऱ्याची मेहनत कुठल्या रकान्यात भरायची हा प्रश्न तरी पडायला हवा.

बोलतो तो हुशार

हजेरी पुरत नाही म्हटल्यावर शिक्षक बोलण्याकडे वळतात. जो हात वर करतो, प्रश्न विचारतो, तो सहभागी. ऐकायला बरं वाटतं. पण साधं गणित मांडून पाहा. मुंबईच्या अनेक कॉलेजांत लेक्चर ४८ मिनिटांचं असतं. १२० च्या वर्गात प्रत्येकानं अर्धा मिनिट बोलायचं म्हटलं तरी साठ मिनिटं लागतात. म्हणजे शिक्षकानं तोंडही उघडलं नाही तरी तास अपुरा पडतो. जे साऱ्यांना करताच येणार नाही त्याचे मार्क साऱ्यांना कसे द्यायचे?

प्रत्यक्षात होतं काय, ते अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स यांनी १९७६ मध्ये कॉलेजच्या वर्गांत बसून टिपलं. वर्ग केवढाही असो, बोलण्याचा बहुतेक भार चार-दोन जण उचलतात आणि बाकीचे ते गृहीत धरतात. 'आपल्या वतीनं बोलणारे' ठरले की इतरांनी गप्प राहणं हा वर्गाचा अलिखित नियमच होतो. आपल्याकडे या चार-दोन जणांना पहिला बाक म्हणतात.

गप्प राहण्याची कारणं नेहमी आळशीपणाची नसतात. दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला उत्तर येत असतं. पण ते मनात इंग्रजीत जुळवेपर्यंत दुसऱ्यानं देऊन टाकलेलं असतं. मेरी बड रो या संशोधिकेनं शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हाच अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला तेव्हा उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले. म्हणजे ज्याला आपण मुलाचा 'सहभाग' म्हणून मार्क देतो, त्यातला काही भाग शिक्षकाच्या दमाचा असतो.

बोलण्याला मार्क लावले की बोलण्याचं काय होतं, हे व्यवस्थापनाच्या संस्थांत पाहायला मिळतं. हार्वर्डच्या सहकार्यानं १९६१ मध्ये अहमदाबादची आयआयएम सुरू झाली आणि प्रत्यक्ष व्यवसायातल्या प्रसंगावर वर्गानं चर्चा करायची, ही शिकवण्याची पद्धत तिथे रुजली. या पद्धतीत बोलणं हेच काम, म्हणून त्याला मार्क असणं रास्तच. पण अशा संस्थांतल्या मुलांनी 'सीपी' म्हणजे वर्गसहभाग या शब्दाला लगेच एक धाकटं भावंडही दिलं, 'डेस्परेट सीपी'. मुद्दा नसताना, केवळ सरांच्या यादीत टिकमार्क पडावा म्हणून केलेलं बोलणं. मोजमाप लागलं की माणसं मोजमापाच्या दिशेनं वाढतात, वेल मांडवाच्या दिशेनं वाढावा तशी.

आणखी एक खड्डा आहे, तो मोजणाऱ्याच्या मनातला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे रकाने होते, पण ज्याला एकात चांगले गुण त्याला सगळ्यांत चांगले. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तशी एका गुणाची झळाळी बाकीच्या गुणांवर पडते. आता आपला तो पाच मार्कांचा खण आठवा: सहभाग, शिष्टाचार, बोलण्याची सफाई, नेतृत्व. प्रभावळीसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. वार्षिक संमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला अर्थशास्त्रात पाचपैकी पाच मिळतात ते असे.

रात्रभर जागून केलेलं जीटी

मग मेहनतच मोजावी का? इथे अभियांत्रिकीच्या मुलांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ड्रॉइंगच्या शीट्सचं सबमिशन जवळ आलं की हॉस्टेलच्या खोल्यांत 'जीटी' सुरू व्हायचं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काच आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि खालून उमटणाऱ्या रेषांवरून पेन्सिल फिरवायची. बल्बच्या उष्णतेनं घाम, मान अवघडलेली, बाहेर उजाडायला आलेलं. सकाळी शीटवर सरांची सही.

यात मेहनत नव्हती असं कोण म्हणेल? मेहनत भरपूर होती, शिकणं मात्र शून्य होतं. जर्नलचंही तेच. प्रयोग अर्ध्या तासाचा, उतरवून काढणं चार तासांचं. तेव्हा 'मुलानं किती कष्ट घेतले' हा प्रश्न अपुरा आहे; कष्ट कशावर घेतले हे विचारायला हवं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या संशोधनानं मेहनतीची ही चर्चा जगभर नेली. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर यांच्यासह त्यांनी दाखवलं, की 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर खचतात. 'तू चांगली मेहनत केलीस' असं ऐकलेली मुलं टिकून राहतात. मग घरोघरी, शाळोशाळी मेहनतीचं कौतुक सुरू झालं. शेवटी २०१५ मध्ये ड्वेक यांनाच सांगावं लागलं, की नुसत्या कष्टांची वाहवा हा माझ्या म्हणण्याचा अर्थ नव्हे; एक रीत चालली नाही तर दुसरी शोधणं, मदत मागणं, हाही त्यात आला.

स्वतःच्या शिकण्याचा अंदाज मुलांनाही नीट येतो असं नाही. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या मुलांना एक पाठ सफाईदार व्याख्यानातून आणि एक पाठ स्वतः गणितं सोडवायला लावून शिकवला. स्वतः झगडलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले. पण 'कुठून जास्त शिकलात' असं विचारल्यावर कौल पडला व्याख्यानाच्या बाजूनं. अडखळणं हे न शिकल्याचं लक्षण वाटतं, प्रत्यक्षात ते शिकण्याचं असतं. म्हणून 'मी खूप मेहनत केली सर' हे वाक्य प्रामाणिक असू शकतं, पण पुरावा म्हणून ते लंगडं पडतं.

अमेरिकेत लेखन शिकवणाऱ्या काही प्राध्यापकांनी एक करार करून पाहिला. जेन डॅनियलविच आणि पीटर एल्बो यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सत्राच्या सुरुवातीलाच कामांची यादी मिळते: इतके मसुदे, इतक्या दुरुस्त्या, सहाध्यायींच्या लेखनावर इतके अभिप्राय. हे सगळं मनापासून आणि वेळेवर केलं तर 'बी' श्रेणी नक्की. त्यावरची श्रेणी मात्र लेखनाच्या दर्जावर. मेहनत आणि दर्जा यांची बेरीज करण्याऐवजी एक तळमजला आणि एक वरचा मजला केला, ही यातली युक्ती. कोठारी आयोगानं 'मिसळू नका' म्हटलं त्याच्याशी तिचं नातं दिसतं.

खुणा मागा

या साऱ्यातून हाती काय लागतं? मेहनत दिसत नाही. तिच्या खुणा दिसतात. वाघ दिसला नाही तरी ओल्या मातीतल्या पंजावरून तो कुठून आला, किती वेळापूर्वी गेला हे जाणकार सांगतो. शिक्षकाचं काम वाघ मोजण्याचं नाही, माती ओली ठेवण्याचं आहे. म्हणजे खुणा उमटतील अशी कामं द्यायची.

पहिली खूण चिठ्ठीची. तास संपायच्या तीन मिनिटं आधी प्रत्येकानं कागदाच्या कपट्यावर दोन ओळी लिहायच्या: आज काय समजलं, कुठे अडलं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मिसळून लिहा. १२० चिठ्ठ्या तपासायच्या नसतात, चाळायच्या असतात. लिहिलेली, वरवरची, कोरी असे तीन गठ्ठे, आणि यादीत तशी खूण. पंधरवड्याला एक धरली तरी सत्रात सहा-सात होतात. कधीच न बोलणारी मुलगी इथे बोलते, आणि पुढच्या तासाची सुरुवात कुठून करायची हे शिक्षकाला कळतं ते वेगळंच.

दुसरी खूण खाडाखोडीची. आपली जर्नल्स कोरीव अक्षरात उतरवून काढलेली असतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रयोगाच्या वेळीच तारखेनिशी भरलेली वही मागावी. चुकलेलं वाचन खोडलेलं, शेजारी का चुकलं त्याची ओळ. स्वाध्यायाचंही तसंच. एकदम पूर्ण निबंध घेण्याऐवजी आधी कच्चा मसुदा, त्यावर दोन शेरे, मग पक्की प्रत. आणि मार्क या दोहोंमधल्या अंतराला. हातात मोबाइल असलेला कुणीही आज दोन मिनिटांत यंत्राकडून सुबक निबंध लिहवून घेतो. सुबक प्रतीची किंमत त्यामुळे आणखी उतरली आहे. मसुद्यातली धडपड समोरासमोर समजावून सांगायला लावली की ती मात्र उसनी आणता येत नाही.

तिसरी खूण जोडीची. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये सुचवलेली रीत आता जगभर वापरात आहे: प्रश्न विचारला की आधी प्रत्येकानं गप्प बसून विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गाला सांगायचं. मघाचं ४८ मिनिटांचं गणित इथे सुटतं, कारण एका वेळी साठ जण बोलत असतात.

चौथी, गटकामातली. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. पाच जणांच्या प्रोजेक्टवर पाच नावं असतात आणि काम दोघांचं असतं, यात नवल नाही. उपाय सोपा आहे: ओरलला प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि प्रश्न दुसऱ्यानं केलेल्या भागावर. स्वतःचा भाग पाठ करता येतो. दुसऱ्याचा समजूनच घ्यावा लागतो.

आणि या सगळ्यावर एक पान हवं, सत्राच्या पहिल्या आठवड्यात हातात दिलेलं. पाच म्हणजे काय, तीन म्हणजे काय, शून्य केव्हा. शिष्टाचार आणि नेतृत्व त्यात नकोत. त्यांचं कौतुक दुसरीकडे करता येतं. सत्राच्या मध्यावर प्रत्येकाला स्वतःचा आकडा दिसायला हवा. शिकवणं चालू असताना केलेली पारख आणि शेवटी केलेली पारख हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला. पहिली सुधारण्यासाठी, दुसरी शिक्का मारण्यासाठी. सहभागाचे मार्क शेवटच्या दिवशी कळले तर सुधारायला वेळ कुठे उरला?

यात शिक्षकाचं काम वाढतं, हे खरं आहे. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावणाऱ्या माणसाकडून चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागताना जीभ अडखळते. म्हणून चारही खुणा एकदम नकोत. एक धरावी, सत्रभर नेटानं चालवावी. रकाना भरण्यासाठी चार-पाच-चारची चाल खेळण्यापेक्षा ते कमी थकवणारं निघेल.

मग सत्राच्या शेवटी ती मुलगी पुन्हा स्टाफरूमच्या दाराशी येईल. "मॅडम, माझा एक मार्क कुठे गेला?" मॅडम यादी काढतील. "सातपैकी सहा चिठ्ठ्या आहेत, चांगल्या आहेत. पण मसुद्यावर मी दोन शेरे लिहिले होते, पक्क्या प्रतीत त्यांचं तू काहीच केलं नाहीस. हा बघ तुझा मार्क." मुलगी कदाचित हिरमुसेल, पण तिला पुढच्या वेळी काय करायचं ते कळलेलं असेल. आणि कधी असंही होईल, की यादी चाळता चाळता मॅडमच थांबतील, एक चिठ्ठी नजरेतून सुटलेली दिसेल आणि चारचे पाच करून त्या शेजारी सही करतील.